खडीखाली दडवलेला पाया

बागेतली पायवाट करून देणाऱ्या ठेकेदाराने मला फसवले ते खडीच्या दर्जात नव्हे, तर खडीखाली जे असायला हवे होते आणि नव्हते, त्यात. पायवाट 12 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद होती. 15 सेंटीमीटर खोदाई, तळ ठोकून त्यावर जिओटेक्स्टाईलचे कापड, मग 10 सेंटीमीटर दाबलेला पाया आणि वर 5 सेंटीमीटर खडी, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. आम्ही दिवसभर बाहेर होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा वाट तयार होती आणि दिसायला इतकी देखणी होती की मी त्याच वेळी सगळे पैसे चुकते केले.

खरे तर संशय तेव्हाच यायला हवा होता. एवढ्या खोदाईत दोन घनमीटरांहून जास्त माती निघते आणि मोकळी झाल्यावर ती फुगून अडीच घनमीटरांच्या वर जाते. पण बागेत मातीचा ढीग नव्हता, आणि ती वाहून नेल्याच्या चाकांच्या खुणाही कुठे नव्हत्या. हा हिशेब मी केला, पण पैसे दिल्यानंतर दोन महिन्यांनी.

पहिल्या जोरदार पावसानंतर भरलेली हातगाडी वाटेवरून नेताना तिचे चाक मधोमध रुतले, आणि ओढून काढल्यावर त्या चरात गढूळ पाणी साचले. ठेकेदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "खडी बसायला वेळ लागतो, एक पावसाळा जाऊ द्या." मी तेही मान्य केले, हा माझा भाबडेपणा. पुढे चालताना पायाखालची खडी बाजूला सरकू लागली, तेव्हा एका कोपऱ्यात मीच खुरपे चालवले. जेमतेम सहा सेंटीमीटरवर खुरपे अडकले ते काळ्या प्लॅस्टिकच्या कागदात. तो फाडताच कुजलेल्या गवताचा वास आला. खाली मुळांसकट तेच जुने गवत आणि बोटाने दाबली जाईल इतकी मऊ माती होती. पाया नावाची गोष्ट तिथे नव्हतीच.

जिओटेक्स्टाईलचे कापड पाणी खाली जाऊ देते, पण मातीला वर येऊन खडीत मिसळू देत नाही. प्लॅस्टिक मात्र पाणी अडवून धरते, आणि मग वरची खडी जणू पाण्यावर तरंगते. त्यातून त्याने वापरलेली खडी नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत होती. असे गोटे एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे ते कितीही दाबले तरी सरकतातच. पायाला कोनदार, फोडलेली खडी तिच्या चुरीसकट लागते, कारण चुरी मधल्या फटी भरते आणि ओलसर करून ठोकल्यावर सगळा थर एकजीव होतो.

दुसऱ्यांदा काम करून घेतले तेव्हा मी जागचा हललो नाही. गवत आणि मुळे असलेली काळी माती पूर्ण काढल्यावर आडवी फळी टाकून पट्टीने खोली मोजली आणि पट्टीसकट फोटो काढला. कापडाचे तुकडे जोडाच्या ठिकाणी 30 सेंटीमीटर एकमेकांवर घेतले. पाया एकदम न ओतता पाच-पाच सेंटीमीटरच्या दोन थरांत पसरून, पाणी शिंपडून, यंत्राने दाबला. दाबल्यावर थर खाली बसतो, म्हणून माल हिशेबापेक्षा सुमारे चौथा हिस्सा जास्त मागवावा लागला. एका बाजूला दोन टक्के, म्हणजे रुंदीत साधारण अडीच सेंटीमीटर, उतार ठेवला आणि दोन्ही कडांना दगड रोवले, कारण कडा नसेल तर चांगली खडीही वाफ्यात पसरते.

या वेळी पैसे तीन हप्त्यांत दिले: खोदाई मोजल्यावर, पाया दाबल्यावर आणि वरची खडी पसरल्यावर. पहिल्या ठेकेदाराने पैसे परत केले नाहीत. त्याने लिहून दिलेला कागद माझ्याकडे होता, पण खोदाईचा एकही फोटो नव्हता.