ईडिपस की अँटिगनी: अभिवाचनाला एकच घ्यायचं झालं तर

ग्रीक शोकांतिकांमधली एकच निवडायची, चारचौघांत मोठ्याने वाचायची, आणि नंतरचं बोलणं 'मी कोण' आणि 'माझ्या हातात नेमकं किती' या दोन प्रश्नांभोवती राहायला हवं, असं ठरवलं की यादी भराभर गळत जाते. शेवटी दोन नावं उरतात. दोन्ही सोफोक्लिस या ग्रीक नाटककाराची, दोन्ही थीब्ज शहराच्या एकाच राजघराण्याची. लेकीचं नाटक 'अँटिगनी' आधीचं, इ.स.पू. 441 च्या आसपासचं. बापाचं, 'ईडिपस', त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं असं बहुतेक अभ्यासक धरतात. कथा थोडक्यात अशा: ईडिपस नकळत आपल्या बापाला, राजा लायसला, मारून आई योकास्टाशी लग्न करतो, आणि थीब्जमध्ये रोगराई आल्यावर त्या खुन्याला शोधता शोधता स्वतःपर्यंत पोचतो; त्याची लेक अँटिगनी, राजा झालेल्या मामाचा, क्रेऑनचा हुकूम मोडून, देशद्रोही ठरवलेल्या भावाला पुरते. आमच्या गटात दोन्ही वाचून झाली आहेत, आणि पुन्हा एकच घ्यायची वेळ आली तेव्हा मी कुठे झुकलो, एवढंच सांगतो.

'अँटिगनी'ची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. नाटक पहिल्या ओळीपासून पेटलेलं असतं. वाचणाऱ्या बायकांना इथे अँटिगनी, तिची बहीण इस्मिनी आणि थोडीशीच पण जीवघेणी युरिडिसी, क्रेऑनची बायको, मिळते. 'ईडिपस'मध्ये एकटी योकास्टा. कोरसची गाणीही इथली सरस. समुद्र ओलांडणारा, बैलाला जुवाला जुंपणारा, सगळ्यावर तोड काढणारा आणि फक्त मरणापुढे हतबल होणारा माणूस ज्या गाण्यात येतो, त्याच्या तोडीचं 'ईडिपस'मध्ये मला काही सापडलं नाही. शिवाय या नाटकामागे इतिहास उभा आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये 1944 साली फ्रेंच नाटककार झाँ आनुईने आपली 'अँटिगनी' रंगमंचावर आणली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात रॉबेन बेटावरच्या तुरुंगातल्या कैद्यांनीही हे नाटक केलं.

मग अडलं कुठे? अडलं ते चर्चेत. वाचन संपायच्या आतच सगळे अँटिगनीच्या बाजूला जाऊन बसलेले असतात. सगळे म्हणजे खरोखर सगळे. निवृत्त अधिकारी, नुकती नोकरीला लागलेली मुलगी, एकमेकांच्या विरुद्ध पक्षांना मत देणारे दोन शेजारी. प्रत्येकाला आपण अँटिगनी वाटतो आणि क्रेऑन दुसराच कुणीतरी असतो: वडील, साहेब, सरकार, हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी. पुढचा तासभर ज्याच्या-त्याच्या क्रेऑनची उणीदुणी निघतात आणि मंडळी आली होती त्याहून जास्त खात्री घेऊन घरी जातात. मला ही गोष्ट फार खुपली. 'मी कोण' हा प्रश्न तिथे कुणाला पडलाच नव्हता.

यात दोष सोफोक्लिसचा नाही. त्याने क्रेऑनला बराच वाव दिला आहे. अथेन्सच्या स्वतःच्या कायद्यातही देशद्रोह्याला अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, मातीत पुरायला बंदी होती, तेव्हा क्रेऑनचा हुकूम त्या प्रेक्षकांना आपल्याइतका विचित्र वाटला नसावा. अँटिगनी तर नाटकाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग उरलेला असतानाच कायमची निघून जाते. पुढचं सगळं क्रेऑनचं. आणि जाण्यापूर्वी ती एक चमत्कारिक गोष्ट बोलते: नवऱ्यासाठी किंवा पोटच्या पोरासाठी हे केलं नसतं, ते पुन्हा मिळू शकतात, आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून मिळणार? जर्मन कवी गटेला हा उतारा इतका बोचला की तो सोफोक्लिसचा नाहीच असं एखाद्या विद्वानाने सिद्ध करावं, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. अॅरिस्टॉटलने मात्र तो सोफोक्लिसचाच मानून दाखल्याला घेतला आहे. आमच्याकडे या उताऱ्यावर जरा कुजबुज झाली, आणि 'भावनेच्या भरात बोलते बिचारी' म्हणून त्याला बगल दिली गेली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण अँटिगनीवर शंका घेणं कुणालाच नको होतं, कारण ती शंका स्वतःवर घेतल्यासारखी झाली असती.

'ईडिपस'मध्ये ही सोयीची खुर्ची नाही. त्याच्या जागी बसायला कुणी धजत नाही, आणि बोलणं तिथूनच सुरू होतं.

एक तपशील हमखास निसटतो. ईडिपसचा प्रवास तो वाढला त्या कॉरिन्थमध्ये एका मेजवानीत सुरू होतो. एक झिंगलेला माणूस त्याला म्हणतो, तू तुझ्या बापाचा नाहीसच. आईवडील समजूत घालतात, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. तो गुपचूप डेल्फीला, अपोलो देवाचा कौल मागायला, जातो, 'मी कुणाचा' म्हणून विचारतो; देव त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, भलतंच भयंकर काहीतरी सांगतो. म्हणजे खून, लग्न, रोगराई या सगळ्याच्या आधी हा प्रश्न उभा आहे. पुढे थीब्जमध्ये तो स्वतःच्या बुद्धीवर राजा होतो. बाहेरून आलेला, कर्तृत्वावर जागा मिळवलेला माणूस. आंधळा भविष्यवेत्ता टायरिसियस त्याला सुनावतो की परका म्हणून राहणारा हा खुनी इथलाच, जन्माने थीब्जचाच निघेल, आणि त्याचा त्याला आनंद होणार नाही.

हे वाक्य अथेन्समध्ये कसं ऐकलं गेलं असेल याचा विचार करा. इ.स.पू. 451 मध्ये अथेन्सचा नेता पेरिक्लिसने कायदा करून आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असं ठरवलेलं होतं. प्रेक्षकांत बसलेल्यांसाठी जन्माचा दाखला ही कोरडी बाब नव्हती. आणि इथे नायकाला त्याचा दाखला मिळतो, अगदी अस्सल, आणि तोच त्याला बुडवतो. आमच्या गटात या प्रवेशानंतर बोलणं आडनावांवर गेलं. नव्या जागी ओळख करून देताना गाव कुठलं सांगतो, आडनाव सांगताना आवाज कुठे बदलतो, कमावलेली ओळख आणि जन्माने चिकटलेली यांतली कुठली पुढे करतो. एरवी गप्प बसणारे दोघे-तिघे त्या दिवशी बोलले.

'ईडिपस'चीही कटकट आहे, ती लपवत नाही. कुणीतरी 'प्राक्तन' म्हणतं आणि चर्चेवर पाणी पडतं. सगळं आधीच लिहिलेलं, मग स्वातंत्र्य कसलं? फरक इतकाच की यावर उतारा नाटकातच मिळतो. भविष्यवाणी जे सांगते ते पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेलेलं आहे. रंगमंचावर आपण पाहतो तो फक्त शोध, आणि तो करायला त्याला कुणी भाग पाडत नाही. लायसचा खुनी शोधा असं डेल्फी सांगते. स्वतःचा जन्म उकरून काढ असं कुणीच सांगत नाही. उलट टायरिसियस म्हणतो मला घरी जाऊ दे, योकास्टा म्हणते देवासाठी थांब, म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. भयंकर ते आता तोंडातून निघणार, असं मेंढपाळ म्हणतो. ईडिपस म्हणतो, माझ्यासाठी ते ऐकणंही भयंकर, पण ऐकलंच पाहिजे. थांबायची मुभा इतक्यांदा मिळते आणि तो ती दर वेळी नाकारतो. डोळे फोडून घेतल्यावरही तो हिशेब चोख ठेवतो: ही दुःखं अपोलोने आणली, पण डोळ्यांवर वार करणारा हात माझाच. मला तरी स्वातंत्र्यावर बोलायला अँटिगनीच्या बाणेदार उत्तरांपेक्षा हे वाक्य अधिक उपयोगी पडलं.

मधला क्रेऑनवर संशय घेण्याचा भाग मोठ्याने वाचताना थोडा रेंगाळतो, हेही खरं. मराठीत पु. लं.चा 'राजा ओयदिपौस' आहे, त्यामुळे संहितेची चिंता नाही.

तरी तुमच्याकडे कॉलेजची मुलं असतील, किंवा वाचणाऱ्यांत मुलीच जास्त असतील, तर 'अँटिगनी' घेण्यात काहीच चूक नाही. वयाच्या विशीत ती जशी भिडते तसा ईडिपस बहुधा भिडत नाही. मात्र भूमिका वाटताना एक करा. रॉबेन बेटावर क्रेऑन वाचला तो नेल्सन मंडेलांनी. तुमच्या गटात अँटिगनीची बाजू सगळ्यांत तावातावाने घेईल असा जो कुणी असेल, त्याच्या हातात क्रेऑनची पानं द्या, आणि अँटिगनी निघून गेल्यानंतरचा एकही प्रवेश गाळू देऊ नका.