लाखेची की एलपी? नागपुरात जुन्या रेकॉर्ड्स जमवायच्या असतील तर

पैसे बेताचे आणि कपाटातली जागा त्याहून बेताची असेल, तर जुन्या रेकॉर्ड्सच्या नादी लागण्याआधी एक ठरवून टाकलेलं बरं. लाखेच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ठिसूळ तबकड्या घ्यायच्या, की त्यानंतर आलेल्या, संथ फिरणाऱ्या प्लास्टिकच्या एलपी? दोन्ही थोड्या थोड्या घेऊ, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मीही बरेच दिवस दोन्ही घेत होतो. पण सुई वेगळी, धुण्याची रीत वेगळी, गिऱ्हाईकही वेगळं. शेवटी एका बाजूला झुकावंच लागतं. मी कुठे झुकलो ते पुढे कळेलच. तुमचं घर वेगळं, तुमची आवड वेगळी, तेव्हा तुम्ही उलटं ठरवलंत तरी माझी काही तक्रार नाही.

आधी भावाचं बोलू. जुनी म्हणजे महाग, हा समज मनातून काढून टाका. ‘साहेब, पन्नास वर्षांपूर्वीची आहे’ असं कुणी म्हणालं की मान डोलवायची आणि रेकॉर्ड उलटून बघायची. ‘शोले’च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची एलपी निघाली की सगळे हळहळतात, जुन्या आठवणी काढतात, पण ती खपलीच इतकी की आजही मिळते. याउलट चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले, त्या एचएमव्हीच्या एलपीकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, गाजली, आणि मूळ प्रत तुमच्या-माझ्या खिशाबाहेर गेली. जी तेव्हा पडून राहिली तीच आज दुर्मीळ. लाखेचंही तसंच. साठच्या दशकात आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अजून वाजत होते, म्हणून बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली. त्या तबकड्यांमागे परदेशातले शौकीन वेडे आहेत. त्याच पेटीतल्या उरलेल्या हिंदी गाण्यांकडे मात्र ते ढुंकूनही बघत नाहीत.

नागपुरातला माझा अनुभव असा. इतवारी-महालाकडच्या कबाड्याकडे लाखेच्या तबकड्या चळतीने येतात आणि चळतीनेच जातात. एकेक निवडत बसलात तर तो वैतागतो. एका बऱ्या एलपीला तो जे मागतो, तेवढ्यात लाखेच्या दहा-बारा घरी येतात. विकायची वेळ आली की पारडं फिरतं. चांगल्या एलपीचा फोटो टाकला की फोन सुरू होतात. लाखेच्या रेकॉर्डला विचारणारा क्वचित, आणि तोही नेमकी आपल्याकडे नसलेली मागतो. तेव्हा गुंतवणूक म्हणूनच बघत असाल तर एलपी घ्या. यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही.

ऐकण्याच्या बाबतीतही एलपीचा मान मोठा. एका बाजूला वीस मिनिटं मिळाल्यावर विलंबित ख्याल ऐसपैस बसतो. लाखेवर तोच राग सव्वातीन मिनिटांत आवरावा लागे. घेताना एचएमव्हीच्या एलपीवरचा क्रमांक आणि त्याआधीची अक्षरं मात्र बघा. ईसीएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ, इतकं कळलं तरी बरंच काम होतं. एकाच क्रमांकाची एलपी कंपनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापत असे, आणि लेबल तेवढं बदलत जाई. कव्हर तेच असतं, म्हणून पहिली छपाई समजून तिचे पैसे मोजणारे खूप आहेत.

आता कव्हरचंच. माझा निकाल लागला तो इथे.

एलपीची निम्मी किंमत कव्हरची असते, आणि नागपूर कव्हरांचं वैरी आहे. मार्च संपता संपता कूलर लागतात, पावसाळा बसेपर्यंत निघत नाहीत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत तर रात्रंदिवस चालू. कूलरची हवा ओली, आणि ती सुटली की लगेच पावसाळी दमट हवा. माझ्याकडे एका सतारीच्या एलपीचं चकचकीत लॅमिनेशनचं कव्हर आहे. पहिल्या उन्हाळ्यानंतर लॅमिनेशनखाली राईएवढे पांढरे ठिपके आले. पुढच्या वर्षी ठिपक्यांचे डाग झाले, कण्याचा डिंक सुटला, आणि कव्हर उघडलं की कुबट वास येऊ लागला. आतली तबकडी ठणठणीत. सतार आजही स्वच्छ वाजते. पण दाखवायला नेली तर घेणारा ती बाहेरसुद्धा काढत नाही. कव्हरवरून बोट फिरवतो आणि भाव निम्म्यावर आणतो.

उपाय करून पाहिले. बाजारातल्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या, तर त्या प्लास्टिकचाच धुरकट थर तबकडीवर उमटला. कूलर नसलेल्या खोलीत ठेवाव्यात, तर मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे, त्या खोलीची भट्टी होते आणि जरा कलून राहिलेली एलपी वाकते. वाकलेली एलपी वाजते, पण लांबवलेला षड्ज झोके घेतो. इकडे आड तिकडे विहीर. उरला एसी. तो विषय घरात काढला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, माणसं कूलरमध्ये आणि तबकड्या एसीत?” पुढे बोलणंच खुंटलं.

लाखेच्या तबकडीला हा त्रासच नाही. तिला चित्राचं कव्हर नसतं. असतो तो खाकी कागद, फार तर दुकानदाराचं नाव छापलेला. तो कुजला तर नवा घाला, भावात फारसा फरक पडत नाही. बुरशी लाखेवरही धरते, नाही असं नाही. पण थंड पाण्यात साबणाचा थेंब टाकून, मधलं लेबल ओलं होऊ न देता मऊ फडक्याने पुसली की निघते. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. एलपी पुसायच्या ज्या बाटल्या मिळतात त्यांत बऱ्याचदा अल्कोहोल असतं, आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. फर्निचरवाल्याचं पॉलिश याच गुणावर चालतं. ती बाटली लाखेला लावलीत तर गाणंच पुसलं जाईल.

लाखेचे नखरे कमी आहेत असं मात्र समजू नका. हातातून सुटली की तुकडे. कुरियरने मागवायची तर जीव मुठीत धरून. जुन्या पोलादी सुयांनी आणि त्या धरणाऱ्या ग्रामोफोनच्या जड डोक्यांनी (साउंड बॉक्सनी) कित्येक तबकड्या खरवडून ठेवल्यात. म्हणून खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात बघा. खाचा काळ्याभोर चमकल्या तर घ्या, राखाडी दिसल्या तर आवाज खरखरीतच येणार. त्याहून जुन्या, विजेच्या ध्वनिमुद्रणाआधीच्या म्हणजे १९२५ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या, नेमक्या ७८ च्याच गतीच्या असतात असंही नाही. गायकाची पट्टी जरा चढलेली किंवा उतरलेली वाटली तर कानाला दोष देण्याआधी गती कमी-जास्त करून बघावी.

मग हे सगळं कशासाठी? तर लाखेवर जे आहे त्यातलं बरंचसं पुढे कुठे आलंच नाही. अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व अशा मोठ्या नावांच्या तबकड्या एलपीवर संकलित झाल्या. त्यांच्यासाठी लाखेमागे धावायची तशी गरज नाही. पण त्यांच्याच काळातले दुसऱ्या फळीतले नाट्यगायक, कीर्तनकार, विनोदी संवाद, एखाद्याच तबकडीपुरतं गाऊन गेलेल्या बाया, हे सगळं त्या चळतीत सापडतं आणि तिथेच राहतं. आपल्या मेहकरच्या कवी ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात घरोघरी पोचली ती याच तबकड्यांवरून, आणि मराठी भावगीताचा जमाना सुरू झाला. आणि ही लाख कुठली? गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर आजही तिचं पीक घेतात. दुसऱ्या महायुद्धात लाखेची चणचण झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड्स परत घेऊन दळल्या जात आणि त्यातून नव्या बनवत. किती गाणी अशी दळली गेली असतील देव जाणे.

तुमच्या घरी एसी आहे, ख्याल तब्येतीने ऐकायचा आहे, आणि पुढेमागे विकायचंही मनात आहे, तर बेलाशक एलपी घ्या. बाकी धरमपेठेत काय किंवा नंदनवनात काय, कूलरवर उन्हाळा काढणाऱ्यांना मी हळूच लाखेकडे ढकलेन.

फक्त तबकड्यांआधी यंत्राचा खर्च धरा. पितळी कर्ण्याचे ‘अँटिक’ ग्रामोफोन दुकानांत ओळीने मांडलेले असतात. त्यांतले बहुतेक हल्लीच जोडलेले. शोभेला ठेवा, तबकडी त्यावर लावू नका. ७८ ची गती असलेला साधा टर्नटेबल बघा, ज्याची सुई बदलता येते. एलपीची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेच्या तळाशी घसटत जाते आणि नुसती सरसर ऐकू येते. ७८ साठी तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांशाची) जाड सुई वेगळी मागवावी लागते. नागपुरात ती सहसा मिळत नाही, बाहेरून येते आणि यायला वेळ लावते. ती हातात पडली की मग चळतीचा भाव करायला जा, आणि जाताना जाड कापडाची पिशवी न्या, कबाडी वर्तमानपत्रात गुंडाळून देतो.