कामगार संबंधांतील करिअर : कारखाना, सरकारी पद आणि स्वतंत्र सल्लागार यांच्या मिळकतीचा तुलनात्मक आढावा

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, श्रमविज्ञानातील पदवी किंवा कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयातील पदविका घेतलेल्या तरुणासमोर प्रामुख्याने तीन वाटा असतात. कारखान्याच्या औद्योगिक संबंध विभागात, म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘आयआर’मध्ये, नोकरी करता येते, सरकारच्या कामगार यंत्रणेत पद मिळवता येते, आणि पुरेसा अनुभव गाठीशी आला की कामगार कायद्यांचा सल्लागार म्हणून स्वतःचा व्यवसाय थाटता येतो. या वाटांची तुलना बहुतेक जण पहिल्या पगाराच्या आकड्यावरून करतात, आणि तीच चुकीची ठरते. सरकारी पदात पैसा सुरुवातीलाच चांगला मिळतो, कारखान्यात तो आठ-दहा वर्षांनंतर उसळी घेतो, तर सल्लागाराला तो उशिरा, पण वरच्या मर्यादेशिवाय मिळू शकतो. त्यामुळे पंचविशीत, पस्तिशीत आणि पन्नाशीत आपण कुठे असू, हे तिन्ही ठिकाणी तपासूनच निर्णय घ्यावा.

सरकारी पदाचा हिशेब सर्वांत स्वच्छ असतो, कारण तो आदेशात छापलेला असतो. केंद्रीय कामगार सेवेतील सहायक कामगार आयुक्त हे पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल 10 मध्ये येते आणि तेथील मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होते. जुलै 2025 पासूनचा 58 टक्के महागाई भत्ता आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरातला 30 टक्के घरभाडे भत्ता धरला, तर ही रक्कम महिन्याला सुमारे 1 लाख 5 हजारांवर जाते. वाहतूक भत्ता त्याहून वेगळा. भविष्य निर्वाह निधी संघटनेतील अंमलबजावणी अधिकारी हे पद लेव्हल 8 मध्ये आहे, मूळ वेतन 47,600 रुपये, आणि त्याच्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत औद्योगिक संबंध व कामगार कायदे हा अभ्यासक्रमाचाच भाग असल्याने या विषयाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने तिकडे वळतात. राज्याच्या कामगार आयुक्तालयातही सरकारी कामगार अधिकाऱ्यापासून अपर कामगार आयुक्तापर्यंतची उतरंड आहे. तेथील वेतनश्रेण्या राज्याच्या असल्या, तरी वेतन ठरण्याची रीत हीच.

याच्या शेजारी कारखान्यातली सुरुवात ठेवून पाहा. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड किंवा बुटीबोरी अशा पट्ट्यांत साध्या महाविद्यालयातून समाजकार्याची पदवी घेऊन आलेल्या नवख्याला ढोबळमानाने वर्षाला तीन ते चार लाखांच्या आसपास पॅकेज मिळते, म्हणजे हातात पंचवीस-तीस हजार. टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या किंवा जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसारख्या मोजक्या संस्थांतून थेट निवड झालेल्यांचे आकडे याच्या कितीतरी पट असतात; परंतु ती मुले प्रामुख्याने मोठ्या उद्योगसमूहांच्या मनुष्यबळ विभागात व्यवस्थापकीय प्रशिक्षणार्थी म्हणून जातात, आणि त्यांची आयआरमधली नेमणूक हा बहुधा त्यांच्या प्रवासातील एक टप्पा असतो. त्या आकड्यांवरून स्वतःच्या अपेक्षा बांधणे घातक आहे. मुंबईत परळला 1947 साली स्थापन झालेल्या आणि आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालणाऱ्या श्रमविज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम या कामाच्या अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे. कारण तेथे कामगार कायदा हा जोडविषय नसून मुख्य विषय आहे.

मग पहिल्याच पायरीवर सरकारी पद तीन-चार पटींनी पुढे असताना कारखान्याकडे कुणी का जावे? पहिले कारण असे की सरकारी जागा थोड्या, जाहिराती अनियमित आणि परीक्षेची तयारी वर्षानुवर्षे चालणारी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सरकारी मूळ वेतन दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढते. लेव्हल 10 मधील अधिकाऱ्याला बढती मुळीच मिळाली नाही असे धरले, तर दहा वेतनवाढींनंतर त्याचे मूळ वेतन 75,400 रुपये होते. त्याने किती संप मिटवले, किती तडजोडी घडवून आणल्या, याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो. कारखान्यात मात्र नेमका तोच संबंध असतो.

हा संबंध कसा जुळतो, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण या क्षेत्रातील पगाराचे मर्म त्यातच आहे. मोठ्या कारखान्यात दर तीन-चार वर्षांनी युनियनचे मागणीपत्र येते आणि वेतनकराराची बोलणी सुरू होतात. या बोलण्यांत प्रत्यक्ष वाढीबरोबरच उत्पादकता, हजेरी, कॅन्टीन, बस, वैद्यकीय विमा, कंत्राटी कामगारांची संख्या अशा डझनभर गोष्टींची देवाणघेवाण होते. एक हजार कायम कामगारांच्या कारखान्यात महिन्याला दरडोई पाचशे रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला साठ लाख रुपये, आणि तोही कराराच्या संपूर्ण मुदतीसाठी. बोलणी फिसकटली तर खर्चाचा हिशेबच बदलतो. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातला 2013 चा संप सुमारे पन्नास दिवस चालला. श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यातला 2024 चा संप 37 दिवस चालला. उत्पादनाची साखळी इतके दिवस विस्कळीत राहण्याची किंमत व्यवस्थापनाला ठाऊक असते, आणि म्हणूनच दोन-तीन करार स्वतः बोलणी करून, उत्पादन थांबू न देता पार पाडलेल्या माणसाला ते भरपूर मोजायला तयार असते. आठ-दहा वर्षांच्या अशा अनुभवावर दहा ते अठरा लाखांची पातळी गाठता येते, आणि अनेक कारखान्यांच्या औद्योगिक संबंधांची जबाबदारी सांभाळणारा प्रमुख त्याच्याही बराच पुढे असतो. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांची दिशा पक्की आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ‘कामगार कल्याण अधिकारी’ आणि ‘आयआर अधिकारी’ ही पदे बाहेरून सारखी दिसतात, अनेक ठिकाणी एकच व्यक्ती दोन्ही कामे करते, पण पगाराच्या दृष्टीने त्यांची वाट वेगळी आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले होते. नव्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली. त्यामुळे जागा वाढतील, यात शंका नाही. परंतु कायदा जागा निर्माण करतो, चांगला पगार निर्माण करत नाही. तपासणीत दाखवण्यापुरता नेमलेला अधिकारी बहुतेक वेळा तपासणीत दाखवण्यापुरताच पगार घेतो. शिवाय कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत किंवा न्यायालयात व्यवस्थापनाची बाजू मांडू नये, असा कल्याण अधिकाऱ्यांविषयीच्या नियमांचा रोख राहिला आहे आणि तो माझ्या मते योग्यच आहे. कामगाराने ज्याच्याकडे अडचण घेऊन जायचे तोच उद्या त्याच्यावर आरोपपत्र बजावणारा असू नये. मात्र याचा परिणाम असा होतो की केवळ कल्याणाच्या कामात राहिलेल्या माणसाला खातेनिहाय चौकशी, समेटाच्या बैठका आणि करार यांचा अनुभव मिळत नाही, आणि पगार नेमका त्याच अनुभवाला मिळतो. स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक जाचक होते. त्यांना कल्याण, प्रशिक्षण किंवा वेतनपत्रकाच्या कामात बसवून वाटाघाटीच्या टेबलापासून दूर ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि दहा वर्षांनंतरच्या पगारातील तफावत तिथूनच सुरू होते. नियुक्ती स्वीकारतानाच वाटाघाटींच्या पथकात स्थान मागून घेणे, हा यावरचा मला दिसणारा खात्रीचा उपाय आहे.

कारखान्या-कारखान्यांतही फरक मोठा आहे. वाहन उद्योग, टायर आणि अखंड चालणारे रासायनिक कारखाने येथे थांबलेल्या तासाची किंमत जास्त, म्हणून आयआरच्या माणसाची किंमतही जास्त. महाड, लोटे-परशुराम किंवा तारापूर अशा ठिकाणी शहरापासून दूर राहण्याची तयारी असलेल्याला त्याच अनुभवावर थोडे अधिक मिळते. सहकारी साखर कारखान्यांत चित्र उलटे आहे. तेथील वेतनवाढ सरकार, कारखानदार आणि कामगार संघटना यांच्या राज्य पातळीवरच्या त्रिपक्षीय समितीत ठरते, त्यामुळे कारखान्यातील लेबर ऑफिसरच्या हाती बोलणी करण्याजोगे फारसे राहत नाही, आणि त्याचा पगारही तसाच बेताचा राहतो. ज्या कारखान्यात कायम कामगार मूठभर आणि बाकी सारे कंत्राटी किंवा शिकाऊ आहेत, तेथे काम बहुतांशी कंत्राटदारांच्या कागदपत्रांची छाननी करण्याचे असते; त्यात पगार लवकर वाढतो, पण ती वाढ लवकरच थांबते.

भाषेचाही भाव आहे. प्रवेशद्वारावरच्या सभेत काय बोलले गेले हे ज्याला मूळ शब्दांत कळते, जो मराठीत आरोपपत्र लिहितो आणि इंग्रजीत कराराचा मसुदा करतो, शिवाय परप्रांतीय कंत्राटी कामगाराशी हिंदीत नीट बोलतो, तो बहुराष्ट्रीय कंपन्यांना सहज सापडत नाही. विधी पदवीने पहिल्या नोकरीत फारसा फरक पडत नाही. पाच-सात वर्षांनंतर मात्र ती वेतनात स्पष्ट दिसते.

या पगारात जोखमीचाही मोबदला आहे, हे दडवून ठेवण्यात अर्थ नाही. मारुतीच्या मानेसर कारखान्यात 18 जुलै 2012 रोजी झालेल्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकाचा मृत्यू झाला. असे प्रसंग विरळ असतात, पण तिसऱ्या पाळीच्या मध्यावर येणारे फोन, धमक्या, आणि दोन्ही बाजूंनी होणारा अविश्वास हे विरळ नसतात. समेट अधिकारी म्हणून काम करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यावरही दबाव येतो, मात्र त्याच्यामागे पदाचे संरक्षण असते.

तिसरी वाट सल्लागाराची. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 36 ने समेटाच्या कार्यवाहीत वकिलांना मज्जाव केला आणि न्यायाधिकरणापुढेही त्यांना दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागेल असे ठरवले. वकील नसलेल्या, पण कामगार कायदा आणि कारखाना दोन्ही जाणणाऱ्या माणसाला मालक संघटनांच्या आधाराने या व्यवसायात जागा मिळाली ती त्यामुळे. व्यवसायाचे दोन थर आहेत. खालच्या थरात भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, व्यवसाय कर यांची मासिक विवरणे भरण्याचे काम आहे; एका छोट्या कारखान्याकडून महिन्याला काही हजार रुपये मिळतात, आणि तेच काम करणारी संगणकप्रणाली वर्षागणिक स्वस्त होत असल्याने हा दर दबलेलाच राहणार आहे. वरच्या थरात चौकशी अधिकारी म्हणून बैठकीनुसार घेतले जाणारे शुल्क, करारांची बोलणी आणि न्यायालयीन प्रकरणांची तयारी येते. समजा, दहा कारखाने महिन्याला आठ हजार देतात. ऐंशी हजार जमा झाले, तरी कार्यालयाचे भाडे, दोन कारकून आणि उशिरा वसूल होणारी बिले वजा जाता हातात कारखान्यातल्या मध्यम पगाराइतकेच उरते, आणि त्यात ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही, विमा नाही. म्हणून चाळिशीपूर्वी, आणि किमान दोन करार स्वतःच्या हातून झाल्याशिवाय, या वाटेला लागू नये असे मी आग्रहाने सांगेन.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांमुळे ही तुलना काहीशी हलली आहे. जुने 29 कायदे एकत्र आले, 51 टक्के सदस्यसंख्येच्या युनियनला वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळाला, आणि कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभरऐवजी तीनशे कामगारांवर गेली. घडी बसेपर्यंत सल्लागारांना काम भरपूर मिळेल. मात्र तीनशेहून लहान कारखान्यांत परवानगीचा अडसर गेल्याने अनुभवी आयआर अधिकाऱ्याची गरज व्यवस्थापनाला कमी वाटू लागेल, अशी मला धास्ती आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येचा परिणाम तर स्वतः अधिकाऱ्याच्या पगारावरही होतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे ग्रॅच्युइटी वाढते, आणि भविष्य निर्वाह निधी प्रत्यक्ष वेतनावर कापला जात असेल तर हातात येणारी रक्कम घटू शकते.

सार्वजनिक उपक्रमांचा पर्याय थोडक्यात सांगतो. कोल इंडियात व्यवस्थापकीय प्रशिक्षणार्थ्याचे मूळ वेतन 50,000 आणि प्रशिक्षणानंतर 60,000 रुपयांपासून सुरू होते, आणि नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही त्याच समूहातली कंपनी आहे. सरकारी सुरक्षितता आणि प्रत्यक्ष युनियनशी बोलणी, दोन्ही येथे मिळतात. काही उपक्रम यासाठी यूजीसी-नेट या प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण विचारात घेतात, म्हणून ती परीक्षा पदव्युत्तर शिक्षण चालू असतानाच द्यावी.

घरची आर्थिक जबाबदारी लगेच उचलायची नसेल आणि दोन-तीन वर्षे परीक्षेसाठी थांबण्याची सोय असेल, तर सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमाची वाट धरावी. थांबण्याची सोय नसेल, पण पहिली काही वर्षे कमी पैशांत काढण्याची तयारी असेल, तर कारखाना पत्करावा. मात्र दोन कंपन्यांच्या देकारांत निवड करताना पॅकेजमधला पन्नास हजारांचा फरक बाजूला ठेवून मुलाखतीत तीन गोष्टी विचाराव्यात. कायम कामगार किती आहेत, मान्यताप्राप्त युनियन कोणती आहे, आणि सध्याच्या वेतनकराराची मुदत कधी संपते. ज्या कारखान्याचा करार येत्या वर्षभरात संपणार आहे आणि जेथे नव्या अधिकाऱ्याला टिपणे घेण्यासाठी का होईना बोलण्यांच्या खोलीत बसू देतात, तो देकार कमी रकमेचा असला तरी आधी स्वीकारावा.