गाडीचा एसी गरम हवा फेकतो तेव्हा: मॅनिफोल्ड गेज वापरल्यानंतरचा अनुभव

एसीतून गरम हवा यायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो, ‘गॅस कमी झाला असेल, भरून घ्या.’ भरला की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा रडगाणं सुरू. याला वैतागूनच मी निळ्या-लाल डायलचा मॅनिफोल्ड गेज, म्हणजे एसीतल्या गॅसचा दाब दाखवणारं उपकरण, घेतला. अख्खा उन्हाळा आणि पुढचे काही महिने तो घरच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांवर वापरून झालाय. माझ्याकडे तरी त्याने गॅस भरण्यापेक्षा गॅस भरणं वाचवण्याचंच काम जास्त केलं.

वस्तू साधीच. पितळी बॉडी, दोन नॉब, तीन होज. निळा होज लो साइडला (एसीची कमी दाबाची बाजू), लाल हाय साइडला (जास्त दाबाची बाजू), पिवळा व्हॅक्यूम पंपाला (आतली हवा ओढून काढणारा) किंवा गॅसच्या डब्याला. आर-134ए या एसी गॅसच्या गाड्यांत लो साइडचं तोंड 13 मिमी आणि हाय साइडचं 16 मिमी असतं, त्यामुळे होज उलटसुलट लागायची भीती नाही. नुसतं प्रेशर बघायचं असेल तेव्हा मॅनिफोल्डचे दोन्ही नॉब बंदच ठेवायचे. कपलर (होजच्या टोकाची जोडणी) टक् असा बसला की मगच त्यावरची चकती फिरवायची. काढताना थोडा फुस्स होतोच, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालतो. हा गॅस उघड्यावर उणे 26 अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर गंमत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज बंद गाडीवरच्या प्रेशरचा. गाडी रात्रभर उभी असेल आणि हवा 30 अंश असेल, तर दोन्ही काटे 97 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास थांबतात. ते बघून ‘गॅस फुल्ल आहे’ म्हणणारे बरेच भेटले. गॅसचा सिलिंडर संपत आला तरी आतला दाब जवळपास तेवढाच राहतो, तसंच इथेही. आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही. तो आकडा फारच खाली असेल तर गळती नक्की, पण बरोबर असेल तर काहीच सिद्ध होत नाही. खरी माहिती इंजिन चालू, एसी फुल्ल आणि ब्लोअर जोरात असताना मिळते. उन्हाळ्यात लो साइड साधारण 30 ते 45 आणि हाय साइड 200 ते 250 मध्ये असेल तर मी सहसा गॅसचा विचार सोडून देतो.

आमच्या गाडीचं दुखणं असं होतं: मोकळ्या रस्त्यावर मस्त थंड, सिग्नलला उभी राहिली की पाच मिनिटांत कोमट. गॅस आधीच भरून झाला होता. गेज लावून गाडी आयडलवर ठेवली तर लाल काटा हळूहळू चढत 300 च्या पुढे गेला आणि निळाही वर सरकला. बाटलीने कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीवर, पाणी मारलं, तसा लाल काटा झरझर खाली आला आणि व्हेंटमधली हवाही गार झाली. म्हणजे कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नव्हती. फॅन फिरताना दिसायचा, पण इंजिन तापल्यावरच. एसी लावताच जो हळू स्पीड लागायला हवा, त्याचा रेझिस्टर जळालेला निघाला. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा फॅनचं काम करत होता, एवढंच. आधी भरलेला जास्तीचा गॅस हाय साइडला आणखी ढकलत होता, ते वेगळं.

दुसरी गाडी मामांची. दोन्ही काटे जागच्या जागी, तरी हवा गरम. बोनेट उघडून केबिनकडे जाणारा जाड पाइप धरला, तर बर्फासारखा गार आणि घामाघूम. कूलिंग कॉइल थंड आहे आणि व्हेंट गरम, तर दोष मधल्या फ्लॅपचा. डॅशबोर्डमागे कट-कट आवाज येतच होता. हीटरची गरम हवा मिसळणाऱ्या फ्लॅपची छोटी मोटर अडकली होती. इथे गॅस भरला असता तर काय उपयोग होता?

खरोखर गॅस कमी असलेली गाडीही भेटली. चालू गाडीत दोन्ही काटे खाली आणि एसीच्या कंप्रेसरचा (गॅस दाबणारा पंप) क्लच सारखा टक्-टक् करत लागून सुटत होता. गॅस सुटतो तिथून थोडं ऑइलही झिरपतं, त्यावर धूळ बसते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तसाच चिकट काळा डाग होता. तिथली गळती काढल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, आणि आर-134ए वातावरणालाही चांगलाच महागात पडतो. गळती बुजवणारं रसायन मिसळलेले डबे मात्र कुणी सुचवले तरी नकोत. ते आत गोठून एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलकडे गॅस सोडणारी बारीक झडप) किंवा गॅरेजचं मशीन अडकवू शकतात.

आता तक्रारी. कपलरमधले ओ-रिंग काही महिन्यांतच सैल झाले, ते बदलावे लागले. निळा काटा शून्यावरून किंचित सरकला होता, काच काढून स्क्रूने जागेवर आणला. मोठी मर्यादा अशी की गेज वजन सांगत नाही. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅस ग्रॅममध्ये दिलेला असतो, आणि आधी व्हॅक्यूम करून मग वजनकाट्यावर तोलून भरणं हीच खात्रीची पद्धत. ते काम मी गॅरेजवरच सोडतो. क्लच नसलेल्या व्हेरिएबल (गरजेप्रमाणे कमी-जास्त काम करणाऱ्या) कंप्रेसरवर लो साइडचा काटा शांत बसून राहतो आणि नवशिक्याला फसवतो. नव्या गाड्यांतल्या आर-1234वायएफ या गॅसच्या तोंडांना हे कपलर बसत नाहीत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्यायचा, तिथला कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो.

एकच वस्तू घ्यायची असेल तर आधी व्हेंटमध्ये खोचायचा साधा थर्मामीटर घ्या. बाहेर 35 अंश असताना चालत्या गाडीत मधल्या व्हेंटला 10 च्या आसपास दिसलं तर बोनेट उघडायचीसुद्धा गरज नाही. उभ्या आणि धावत्या गाडीतला आकडा वेगळा येत असेल, तर आधी फॅन बघा.