50 एमएम एफ 1.8 लेन्स, नऊ महिन्यांनंतर: गोव्यातल्या साखळीच्या दिव्यांत दिसलेली बुरशी

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीत, विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठावर पुतणीचे फोटो काढले. तिच्या हातात पणती, मागे नदीत सजवलेल्या नौका. अॅपर्चर (लेन्सच्या आतलं, प्रकाश येण्याचं भोक) पूर्ण उघडं, म्हणजे 1.8 वर होतं, त्यामुळे मागच्या प्रत्येक दिव्याचा मोठा मऊ गोल झाला होता. घरी संगणकावर फोटो उघडले आणि धस्स झालं. प्रत्येक गोलात, जवळजवळ त्याच जागी, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. चेहरा मात्र लख्ख.

लेन्सच्या आत बुरशी. एक पावसाळा पुरला.

लेन्स शिगम्याच्या आधी नवी घेतली होती, बिलासकट. सर्व्हिस सेंटरवाल्याने दहा सेकंद टॉर्च मारला. म्हणाला, "दादा, फोटो शार्प येतायत ना? मग कशाला काळजी?" मी म्हटलं, मी पैसे मोजलेत ते मागच्या धूसरपणासाठी, शार्प फोटो कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्सही देत होती. त्यावर उत्तर एकच, फंगस वॉरंटीत बसत नाही. सफाईचा खर्च लेन्सच्या किमतीच्या निम्मा, वर तीन आठवडे थांबायचं. लेन्स उचलली आणि बाहेर पडलो.

आता लेन्सबद्दल. पहिले दोन महिने मी तिच्यावर नाराज होतो. आईला पडवीत बसवून फोटो काढले, मी पाच फुटांवर, तिच्या मागे दोन फुटांवर भिंत. 1.8 लावूनही भिंतीवरचं कॅलेंडर ओळखू येत होतं. पैसे वाया गेले असं वाटलं. मग एकदा रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत किट लेन्स लावलेली होती, 55 एमएम, एफ 5.6, म्हणजे भोक बरंच लहान. तेवढ्याच अंतरावरून मित्राचा फोटो घेतला, मागे मांडवी आणि पलीकडचा काठ. पडवीतल्या 1.8 पेक्षा ह्यात मागचं जास्त विरघळलं होतं! त्या दिवसापासून माझं मत बदललं. अॅपर्चरइतकंच महत्त्व माणसाच्या मागे किती मोकळी जागा आहे ह्याला. आता आईला अंगणात तुळशी वृंदावनापाशी बसवतो, मागे लांबवर माड येतील अशी.

माझ्या कॅमेऱ्यावर पाच फुटांवर 1.8 ला पुढेमागे मिळून साधारण साडेसहा सेंटीमीटरच शार्प राहतं, म्हणजे डोळा धरला तर कान सुटतो. तीन फुटांवर तर अडीच सेंटीमीटरही मिळत नाही. माणसांसाठी मी भोक थोडं मिटवून 2.8 वर आलो होतो, पण तिथे अॅपर्चरची पाती आत येतात आणि दिव्यांच्या गोलांना सात कोपरे पडतात. मला ते खटकतं, म्हणून दिवे असले की पुन्हा 1.8. फ्रेमच्या कडेला गोल बदामासारखे चपटे होतात, ते चालतं. तंतू चालत नाहीत.

शेवटी म्हापशात एका जुन्या दुरुस्तीवाल्याने समोर बसवून लेन्स उघडली. 600 रुपये घेतले. तंतू गेले, पण एका कडेला बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लंय, तो डाग राहिला. दिव्यांच्या फोटोत मला तो दरवेळी दिसतो. आणखी महिनाभर कपाटात राहिली असती तर ती फेकावीच लागली असती, असं तो म्हणाला.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी नुसता शार्पनेस बघू नये. काळोख्या खोलीत लांबवर एक बारीक एलईडी लावा, फोकस अगदी जवळ आणा, 1.8 वर फोटो घ्या. जो मोठा गोल येईल त्यात काचेवरची धूळ, ओरखडा, बुरशी सगळं दिसतं. मी हे महिन्यातून एकदा करतो.

आता लेन्स रबरी कडेच्या हवाबंद डब्यात आहे, सिलिका जेल आणि आर्द्रता मीटर घालून. काटा 45 टक्क्यांवर ठेवतो, 60 च्या वर जाऊ देत नाही. कॅमेऱ्याची बॅग कपाटात रिकामीच ठेवली आहे, तिचा आतला फोम ओल धरून ठेवतो.