टिअरड्रॉप ट्रेलरसाठी जुनी चासी: पॉप-अपची, बोटीची की सामानाची?

टिअरड्रॉप म्हणजे आत फक्त झोपायचं आणि मागचं झाकण उचलून, बाहेर उभं राहून स्वयंपाक करायचा, एवढाच ट्रेलर. रुंदी चार फूट, लांबी आठ फूट, उंची चार फूट. प्लायवुडची शीट आठ बाय चारची येते, त्यामुळे एका बाजूला एक शीट पुरते. लाकूडकामाचा थोडा हात असला की वरचा डबा जमून जातो. खरी गोम खालच्या लोखंडात आहे.

अमेरिकेत क्रेगलिस्ट (छोट्या जाहिरातींची वेबसाइट) किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जुने ट्रेलर फुकट किंवा किरकोळ किमतीत मिळतात. टिअरड्रॉपसाठी त्यांतले तीन प्रकार लोक उचलतात: तंबूवाला पॉप-अप कॅम्पर, बोटीचा ट्रेलर आणि उघडा सामानाचा ट्रेलर. मत आधीच सांगतो. पॉप-अपची चासी सगळ्यात चांगली, पण पाटे, म्हणजे एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, बघून घ्या. सामानाचा ट्रेलर चालेल, पण एक्सल मागे सरकवायची तयारी हवी. बोटीचा ट्रेलर खाऱ्या पाण्यात गेलेला असेल तर फुकटही नको.

त्याआधी कागद. विकणाऱ्याकडे टायटल (मालकीचा कागद) आहे का आणि चासीवरचा व्हीआयएन, म्हणजे वाहनओळख नंबर त्या कागदाशी जुळतो का, हे पैसे देण्यापूर्वी बघा. नंबर बहुधा ट्रेलरच्या दांडीवर (गाडीला जोडायचा पुढचा भाग), डाव्या बाजूला, पट्टीवर किंवा थेट लोखंडात ठोकलेला असतो. रंगाखाली दडला असेल तर तारेचा ब्रश मारा. टायटल नसेल तर काही राज्यांत बिल ऑफ सेल आणि तपासणीवर काम भागतं आणि घरी बांधलेला ट्रेलर म्हणून नवा नंबर मिळतो. काही राज्यांत महिनोन्‌महिने हेलपाटे पडतात. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून आधी आपल्या डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहननोंदणी कार्यालयात, विचारा, मग ट्रेलर ओढून आणा.

पॉप-अप कॅम्पर लोक फुकट का देतात? कापड फाटतं, छत गळतं, लाकडी तळ कुजतो, आणि कचराडेपोवर टाकायला मालकालाच पैसे मोजावे लागतात. लोखंड मात्र बहुतेक वेळा शाबूत असतं, कारण वरून डब्याने झाकलेलं असतं. कोलमन, जेको, स्टारक्राफ्टचे जुने पॉप-अप बाजारात भरपूर आहेत. चासीबरोबर दांडीवरचा जॅक, चार कोपऱ्यांचे टेकू, कधी सिंक आणि दोन शेगड्या, कधी इलेक्ट्रिक ब्रेकवाला एक्सलही मिळतो. हे सगळं नवं घ्यायला गेलं तर बराच खर्च आहे. गॅसच्या नळ्या आणि रेग्युलेटर मात्र फेकून नवे घ्या.

पॉप-अपचा डबा चाकांच्या वरून बाहेर आलेला असतो, म्हणून डबा काढल्यावर चाकं अनपेक्षितपणे लांब दिसतात. त्यात वाईट काही नाही. चाकं रुंद असली की ट्रेलर रस्त्यावर स्थिर चालतो, आणि दोन चाकांच्या मध्ये पाच फुटी डबाही बसू शकतो. पाच फुटी केलात तर तळाला आणि छताला शीटचा जोड येणार. तो जोड लोखंडाच्या आडव्या पट्टीवरच येईल असं माप आखा. चार फुटीत हा व्याप नाही, पण आतली रुंदी साधारण साडेशेहेचाळीस इंच उरते आणि दोघांपैकी एकाची कोपरं भिंतीला लागणार.

पॉप-अपचा खरा दोष पाट्यांचा. त्या कॅम्परचं भरलेलं वजन दोन-अडीच हजार पौंड असेल तर पाटेही तेवढ्याच ताकदीचे असतात. टिअरड्रॉप भरून हजार-बाराशे पौंडांचा. एवढ्या हलक्या ओझ्याखाली ते पाटे दबतच नाहीत. खड्ड्यातला प्रत्येक दणका थेट प्लायवुडला बसतो, स्क्रू ढिले होतात, मागच्या झाकणाची बिजागरी हलते, आणि मग त्या फटीतून पाणी आत शिरतं. गळती सीलंटने बुजवत बसणाऱ्या बऱ्याच जणांची मूळ अडचण खाली पाट्यांत असते. उपाय दोन आहेत. पाट्याच्या दोन्ही डोळ्यांमधलं अंतर आणि पट्टीची रुंदी मोजून त्याच मापाचे, कमी ताकदीचे नवे पाटे घ्यायचे. किंवा प्रत्येक पाट्याच्या थप्पीतली एक पट्टी काढायची. पहिला उपाय बरा. कुठलाही केला तरी यू-बोल्ट नवे घाला. एकदा आवळलेले यू-बोल्ट ताणलेले असतात, पुन्हा घातले की पकड राहत नाही.

सामानाचा ट्रेलर सरळ, चौकोनी, समपातळीचा असतो, म्हणून त्यावर काम सुरू करायला सोपं. पण त्याचा एक्सल जवळजवळ मधोमध असतो, कारण माल कुठे ठेवायचा हे चालवणारा ठरवतो. टिअरड्रॉपमध्ये माल हलत नाही. पुढे गादी, मागे शेगडी, बर्फाची पेटी, पाणी, भांडी. वजनाचा मध्य मागे सरकतो आणि दांडीवर भार कमी पडतो.

हा हिशेब डबा बांधण्याआधीच करा, नंतर काही हातात राहत नाही. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर, म्हणजे गाडीच्या बॉलवर (गाडीमागचा लोखंडी गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) हवा. सूत्र सोपं आहे: ट्रेलरचं वजन गुणिले वजनाच्या मध्यापासून एक्सलपर्यंतचं अंतर, भागिले बॉलपासून एक्सलपर्यंतचं अंतर. धरा, वजन १००० पौंड. दांडी डब्याच्या पुढे ४२ इंच. वजनाचा मध्य डब्याच्या पुढच्या टोकापासून ५४ इंचांवर, म्हणजे बॉलपासून ९६ इंचांवर. एक्सल बॉलपासून १०८ इंचांवर असेल तर दांडीवर १००० गुणिले १२ भागिले १०८, म्हणजे साधारण १११ पौंड. अकरा टक्के, छान. हाच एक्सल डब्याच्या बरोबर मध्याखाली, म्हणजे ९० इंचांवर असता तर भार उणे ६७ पौंड आला असता, म्हणजे दांडीच वर उचलली गेली असती. असा ट्रेलर हायवेवर वेग घेतला की डावी-उजवीकडे झोलायला लागतो आणि मागून गाडीलाच फिरवतो.

म्हणून सामानाच्या ट्रेलरचे पाट्यांचे ब्रॅकेट कापून मागे सरकवावे लागतात. हे काम वेल्डिंग येणाऱ्याकडूनच करून घ्या. दोन्ही बाजूंना कपलरच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या खोबणीच्या, मध्यापासून एक्सलच्या टोकापर्यंत टेप लावा; दोन्ही मापं एक अष्टमांश इंचाच्या आत जुळली पाहिजेत, नाहीतर ट्रेलर गाडीमागे तिरका चालतो आणि टायर खातो. डबा तयार झाल्यावर दांडीखाली लाकडाचा ठोकळा आणि घरचा वजनकाटा ठेवून भार मोजता येतो. दांडी गाडीला जोडल्यावर जितक्या उंचीवर असते तितक्याच उंचीवर ठेवून मोजा, पाणी आणि बर्फाची पेटी भरून मोजा. पाच गॅलन पाणी म्हणजे जवळपास ४२ पौंड, आणि ती टाकी बहुतेक जण अगदी मागे ठेवतात.

बोटीच्या ट्रेलरला लांब दांडी असते, एक्सल बराच मागे असतो, त्यामुळे भाराचा हिशेब आपोआप जुळण्याची शक्यता जास्त. आडव्या पट्ट्या मात्र बोटीच्या पोटासाठी व्ही आकाराच्या असतात, त्यामुळे सपाट तळासाठी नव्या सरळ पट्ट्या लावाव्या लागतात. मोठा धोका आतून गंजण्याचा. चासी बंद चौकोनी नळीची असेल तर खारं पाणी आत साचतं आणि नळी आतून पोखरली जाते; बाहेरून रंग चकाचक. नळीच्या खालच्या बाजूला हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाजाऐवजी बोदा आवाज आला किंवा पेचकस आत गेला तर तिथेच सोडा. जस्ताचा मुलामा असलेल्या चासीला वेल्डिंग करायचं तर त्या भागावरचं जस्त आधी घासून काढा. जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो.

नवी चासीही या तुलनेत हवीच. हार्बर फ्रेट या अमेरिकेतल्या हत्यारांच्या दुकानांचा हॉल-मास्टर, चार बाय आठचा घडीचा ट्रेलर, १७२० पौंड क्षमतेचा, सुट्या भागांच्या खोक्यांत येतो आणि घरी नट-बोल्टने जोडायचा. कागद नवे, टायर नवे, माप नेमकं आठ बाय चार. घडीचे सांधे टिअरड्रॉपला निरुपयोगी, ते बोल्टने कायमचे बंद करतात. लोखंड पातळ आहे, पण वरचा डबा सगळीकडे बोल्टने बांधला की डबाच अर्धी ताकद देतो. जुन्या चासीला नवे टायर, बेअरिंग, लाइट, कपलर आणि वेल्डिंगची मजुरी लागत असेल तर बेरीज करून बघा. पुष्कळदा ती या नव्या ट्रेलरच्या किमतीला जाऊन भिडते. एक्सल, पाटे आणि कागद हे तीन चांगले असतील तरच जुन्यात फायदा.

जुनी चासी घरी आणली की पहिलं काम चाकांचं. टायरवरच्या खाचा चांगल्या दिसल्या तरी फसू नका. टायरच्या बाजूला 'DOT' अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर घालायचा नाही. उन्हात उभे राहून ट्रेलरचे टायर आतून तडकतात. नवे घेताना 'एसटी' शिक्का असलेले, खास ट्रेलरचे घ्या. एसटी १७५/८० आर १३, लोड रेंज सी, हा ५० पीएसआय हवेत १३६० पौंड पेलतो. टिअरड्रॉपला दोन पुरून उरतात. जुन्या टायरची फक्त आतली कड झिजलेली असेल तर एक्सल बहुधा वाकलेला आहे, तो बदला.

बेअरिंग बिनशर्त बदला. एक आणि एक सोळांश इंचाच्या स्पिंडलला (एक्सलचं टोक, ज्यावर बेअरिंग बसतं) एल ४४६४९ नंबरचं बेअरिंग आणि एल ४४६१० ची बाहेरची कडी लागते. एक इंची स्पिंडलला एल ४४६४३. कडीसकट बदला, जुन्या कडीत नवं बेअरिंग घातलं तर लवकर जातं. ग्रीस बेअरिंगच्या रोलरमध्ये तळहाताने दाबून, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरायचं. नट आवळताना हब (चाकाचा मधला, बेअरिंगवर फिरणारा भाग) फिरवत राहा, घट्ट झाला की ढिला करा, मग बोटांनीच आवळून पिन घाला. कडक आवळलेलं बेअरिंग लवकर जळतं. पुढे वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी ग्रीस.

लोखंड तारेच्या ब्रशने घासा, गंजावर फॉस्फोरिक अॅसिडवालं रसायन लावा, मग प्रायमर आणि रंग. घासताना दांडी जिथे चौकटीला मिळते तिथे आणि पाट्यांच्या ब्रॅकेटभोवती केसाएवढ्या चिरा शोधा.

तळ अर्ध्या किंवा पाऊण इंची प्लायवुडचा. खालची बाजू आणि मुख्यतः कडा दोन-तीन हात पातळ केलेल्या पॉलियुरेथेनने भिजवा, वरून काळं डांबरी कोटिंग. चासी आणि तळ यांच्यामध्ये ब्यूटाइल टेपची (पाणी अडवणारी चिकट रबरी टेप) पट्टी द्या. लाकूड थेट लोखंडावर बसलं की मध्ये ओल धरून राहते. बांधायला तीन अष्टमांश इंची बोल्ट, खाली मोठे वॉशर, नायलॉनचे लॉक नट. भोकं थोडी मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि त्यातून पुन्हा बोल्टच्या मापाची पाडा, म्हणजे पाणी लाकडाच्या पोटात जाणार नाही. बाजूच्या भिंती तळाच्या कडेवरून इंचभर खाली उतरवा. सिलिकॉन कुठेही नको. त्यावर रंग बसत नाही, आणि काढल्यावरही दुसरं काही चिकटत नाही.

छताला दीड इंची चौरस फळ्या आडव्या, वरून वाकणारं तीन मिलिमीटरचं प्लायवुड. पंख्याच्या झडपेसाठी चौदा बाय चौदा इंचांचं भोक आधीच ठेवा. ती झडप चैनीची गोष्ट नाही. दोन माणसांच्या श्वासाची वाफ बंद डब्यात रात्रभर भिंतींवरून ओघळते.

मागच्या स्वयंपाकघराची मापं आराखड्यांत अमेरिकन पदार्थ धरून दिलेली असतात. आपल्याकडच्यांनी शेगडीवर कुकर ठेवून, शिटी वर उडायला किमान सहा इंच धरून वरच्या कप्प्याची उंची ठरवावी. फोडणीचा जाळ प्लायवुडजवळ येतो, म्हणून शेगडीमागे आणि बाजूला अॅल्युमिनियमचा पत्रा, लाकडापासून अर्धा इंच सोडून. थंडीच्या दिवसांत ब्यूटेनची शेगडी शून्य अंशाच्या आसपास पेटत नाही, प्रोपेन घ्या. आणि आत, दार लावून, काहीही पेटवू नका.

वायरिंग जुनं एक इंचही ठेवू नका. चार पिनांचा चपटा प्लग: पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा सिग्नल आणि ब्रेक, हिरवी उजवा. दिवे मिणमिणणं, एक सिग्नल दिला की दोन्ही लागणं, हे जवळपास नेहमी पांढऱ्या वायरचं दुखणं असतं. चासीच्या लोखंडावर अर्थ सोडू नका, प्रत्येक दिव्यापर्यंत पांढरी वायर वेगळी न्या. एक्सलला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर सात पिनांचा प्लग आणि गाडीत कंट्रोलर लागतो.

पहिल्या फेरीत दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबून बेअरिंगचा नट (चाकाचे नट नव्हे) ढिला करा.