आठवडाभर शिडाच्या बोटीवर: सेशेल्स की फुकेत?

जळगाव-धुळ्याकडचा सहा-आठ जणांचा गट शिडाच्या बोटीवर आठवडाभर जायचं म्हणतो, तेव्हा चर्चा बेटांच्या फोटोंवरून सुरू होते. ती सुट्टीच्या तारखांवरून सुरू करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. हिंदी महासागरातलं सेशेल्स आणि थायलंडमधलं फुकेत, या दोन ठिकाणांचे ऋतू जवळजवळ उलटे आहेत.

फुकेतचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा १०-१५ नॉट (म्हणजे ताशी तितके सागरी मैल) वारा असतो आणि बेटांच्या आडोशाला पाणी सपाट. मार्च-एप्रिलमध्ये वारा इतका पडतो की शीड नावालाच, बोट इंजिनावर चालते. मे लागला की नैऋत्य मोसमी पाऊस. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. सेशेल्स विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला. तिथे मे ते सप्टेंबर आग्नेयेचा कोरडा वारा, डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात जास्त पाऊस, आणि एप्रिलमध्ये व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा मंद. म्हणजे भुसावळ ४५ अंशांवर तापलेलं असताना मुलांच्या सुट्टीत जायचं तर सेशेल्स. नाताळ-जानेवारीत फुकेत. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सेशेल्सच, कारण फुकेतला तेव्हा भर पावसाळा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकली तर दोन्ही चालतं.

लक्षद्वीप-अंदमान का नाही, हा प्रश्न हमखास येतो. जाण्यासारखी आहेतच, पण आठवड्यासाठी बोट भाड्याने घेऊन बेटं फिरण्याची सोय तिथे या दोघांइतकी रुळलेली नाही. लक्षद्वीपला तर आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो.

आता समुद्राचा स्वभाव. सेशेल्समध्ये बोट माहे बेटावर मिळते आणि प्रालँ बेट तिथून सुमारे २५ सागरी मैलांवर. ५-६ नॉटने साडेचार-पाच तास उघड्या समुद्रात. आग्नेयेचा वारा जाताना आणि येताना दोन्ही वेळा कुशीतून लागतो, त्यामुळे बोट आडवी डुलत राहते. जुलै-ऑगस्टमध्ये हा वारा जोरात असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते दोन महिने टाळावेत. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. एकदा प्रालँला पोचलात की क्युरिअस बेटावरची महाकाय कासवं, ला दीग बेट, सगळं तास-दोन तासांच्या अंतरावर.

फुकेतजवळच्या फांग-ङा खाडीत लाटांचा त्रास कमी, खरा खेळ भरती-ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं. चुनखडीच्या बेटांच्या पोटात ‘हाँग’ नावाची आकाशाकडे उघडी तळी आहेत. त्यांत गुहेतून कायाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, शिरायचं. भरती वाढली की गुहेचं छत डोक्याला टेकतं, ओहोटी लागली की कायाक चिखलात रुतते. वेळ कप्तानाला विचारूनच आत जा. नांगराचा हिशोबही भरतीवरच: टाकताना खोली ६ मीटर, पाणी अजून अडीच मीटर चढणार, बोटीचं नाक पाण्यापासून एक मीटर वर, झाले साडेनऊ. त्याच्या चौपट, म्हणजे ३८ मीटर साखळी हवी. सहाच्या चौपट सोडली की मध्यरात्री भरतीला नांगर घसरतो. फी फी बेटांवरचा माया बे हा किनारा मनात असेल तर बोट आत नेता येत नाही, मागच्या बाजूने उतरून चालत जावं लागतं. तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद असतो.

ठिकाण कुठलंही घ्या, कुटुंबासाठी दोन सांगाड्यांची कॅटामरान बरी. एका सांगाड्याची मोनोहल स्वस्त पडते आणि वाऱ्यात चालवायला जास्त मजा देते, पण ती कलते. आजी-आजोबांना ते सोसणार नाही. चार खोल्यांच्या बोटीवर कप्तान घेतला तर एक खोली बहुतेकदा त्याची. म्हणून आठ नव्हे, सहा जण धरा. बिनकप्तानाची बोट अनुभवाचे कागद दाखवल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा तो पर्याय सध्या विसरा.

पाण्याची टाकी साधारण ७०० लिटरची. सात जणांना सात दिवस म्हणजे माणशी रोज १४ लिटर. टँकरची वाट पाहिलेल्या गावाला हे समजवायला नको, पण पोरांना नळ चालू ठेवून दात घासायची सवय असते.

खाण्यात फुकेत सोपं आणि स्वस्त; भाजीपाला मुबलक. मात्र तिथल्या शाकाहारी पदार्थातही मासळीचा सॉस असतो, तो घालू नका म्हणून आधीच सांगा. सेशेल्समध्ये बरंच काही आयात होतं, त्यामुळे महाग. शेवभाजीचा मसाला, शेव, डाळी पाकीटबंद न्या. ताजी फळं-भाज्या नेऊ नका. वरण-बट्टीचा बेत जमतो, बोटीवर छोटा ओव्हन असतो. पण गॅस खातो, एकदाच करा. तळण नांगर टाकल्यावरच. आणि एक गंमत: बोटीवर केळी नेणं अपशकुनी, असं पाश्चात्त्य खलाशी मानतात. रावेर-यावलच्या माणसाने काय करायचं ते त्याने ठरवावं.

खर्चात भाड्यापलीकडे कप्तान, डिझेल, सफाई, अनामत आणि सागरी उद्यानांची फी धरा. बोट पहिल्या दिवशी दुपारनंतर ताब्यात येते आणि शेवटच्या दिवशी सकाळी परत करायची असते, म्हणजे हातात पुरते सहाच दिवस. शेवटची रात्र बोट जिथे परत करायची त्या ठिकाणाजवळ काढा. सामान कापडी पिशव्यांतच, चाकांची कडक बॅग बोटीवर ठेवायला जागाच नसते.